ट्रस्टेडइन्स्टॉलर परवानगी देत नाही, मग जुनं विंडोज फोल्डर उडवायचं कसं?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका भाऊंचा प्रश्न आहे, थोडक्यात आधी तो सांगतो. ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, पीसीत १२० जीबीची नवीन एसएसडी टाकली, तिच्यावर विंडोज ११ नव्यानं टाकलं, आणि जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क तशीच आत ठेवली. ती आता डी ड्राइव्ह म्हणून दिसते आणि तिच्यावर जुनं विंडोज, प्रोग्राम फाइल्स, युझर्स असे सगळे फोल्डर पडून आहेत. डिलीट मारलं की मेसेज येते की ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी लागेल. एका फोल्डरला तर परवानगी मागताना नावच नाही, नुसता लांबलचक नंबर. वरून सी पण लाल झाला आहे आणि त्यात विनएसएक्सएस नावाचं फोल्डर १४ जीबीचं दिसून राहिलं, ते पण उडवू का असं ते विचारतात. आणि शेवटी लिहिलं आहे, पीसी माझा, मीच अॅडमिनिस्ट्रेटर, तर मलाच काहून अडवते?

भाऊ, आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारण. डी वरचं जुनं विंडोज बिनधास्त उडवता येते, फक्त दोन गोष्टी तपासून. सी वरच्या विनएसएक्सएसला (ते चालू विंडोजच्या फाइलींचं कोठार आहे) हात लावू नका, जागा दुसऱ्या रस्त्यानं निघते. दोन्हीकडं मेसेज एकच येते, म्हणून लोक दोन्हीकडं एकच इलाज करतात आणि तिथंच मशीन जाते. माझ्याकडं बर्डीला दुकानात असं बिघडवलेलं मशीन आलं की मी पहिले हेच विचारतो, ज्या फोल्डरवर जोर लावला ते चालू विंडोजचं होतं की मेलेल्या विंडोजचं. जिवंत की मेलेलं, एवढं एक ठरवलं की पुढचं सोपं आहे.

आता अॅडमिन असून काहून अडवते ते. विंडोज ९८ पर्यंत घरच्या मशीनवर फॅट३२ ही डिस्कवर फाइली मांडायची पद्धत असायची, त्यात परवानगी नावाचा प्रकारच नव्हता, कोणीही काहीही उडवा. एनटीएफएस ही दुसरी पद्धत आली ती १९९३ ला विंडोज एनटी ३.१ सोबत, ऑफिसच्या मशीनसाठी, आणि एक्सपीपासून ती घराघरात आली. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलला एक मालक राहते आणि एक यादी राहते, कोणाला वाचता येईल, कोणाला बदलता येईल, कोणाला उडवता येईल. एक्सपीच्या काळात सगळेच अॅडमिन म्हणून बसायचे आणि कोणताही प्रोग्राम येऊन सिस्टीमच्या फाइलवर आपली फाइल टाकून जायचा, मग दुसराच प्रोग्राम बंद पडायचा. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं सिस्टीमच्या फाइलींची मालकी अॅडमिनकडून काढून ट्रस्टेडइन्स्टॉलरला देऊन टाकली. हा कोणी माणूस नाही, व्हायरस पण नाही (हे रोज कोणीतरी विचारते), ती विंडोजचीच एक सर्व्हिस आहे, अपडेट टाकणारी. सिस्टीमच्या फाइली बदलायचा हक्क तिला एकटीला, अॅडमिनला फक्त वाचायचा आणि चालवायचा.

पण अॅडमिनकडं एक हक्क तरीही राहते, मालकी ओढून घ्यायचा. आणि जो मालक झाला तो यादी बदलू शकते. म्हणून रस्ता दोन टप्प्यांचा आहे, आधी मालकी घ्या आणि मग स्वतःला परवानगी द्या. बरेच लोक पहिला टप्पा करून थांबतात आणि म्हणतात मालक झालो तरी डिलीट होत नाही. मालक होणं म्हणजे किल्ली बनवून घ्यायचा हक्क मिळणं, किल्ली अजून बनवायची आहे.

तो लांबलचक नंबर म्हणजे काय ते पण सांगतो कारण त्यानं लोक फार घाबरतात. एनटीएफएस यादीत तुमचं नाव लिहीत नाही, नंबर लिहिते, एस-१-५-२१ असा सुरू होणारा. जुन्या विंडोजमध्ये तुमचं खातं होतं त्याचा एक नंबर, नवीन विंडोजमध्ये नाव अगदी तेच ठेवलं, पासवर्ड पण तोच ठेवला, तरी नंबर वेगळा. नवीन विंडोजला जुना नंबर कोणाचा ते माहीत नाही म्हणून ते नुसता नंबर दाखवते. तुमचाच जुना नंबर तुम्हाला अडवून राहिला, एवढंच. ट्रस्टेडइन्स्टॉलरचा नंबर मात्र सगळ्या मशीनवर सारखाच, तो सर्व्हिसच्या नावावरूनच तयार होते, म्हणून जुन्या डिस्कवर पण त्याचं नाव बरोबर दिसते. म्हणजे डी वर तुम्हाला अडवणारा ट्रस्टेडइन्स्टॉलर काही राखत बसलेला नाही, त्या फाइली आता कोणतंच विंडोज वापरत नाही, यादी तेवढी डिस्कवर लिहिलेली राहून गेली. ते मेलेलं विंडोज आहे, ते उडवायला हरकत नाही.

उलटी गोष्ट सी ची. मागे लग्नसराईत महालातल्या एका छापखान्याचं मशीन आलं होतं, भर मे महिना, बाहेर ४५ च्या वर, दुकानात कूलरसमोर सीपीयू उघडा ठेवून काम चालू. मालकांच्या भाच्यानं सी लाल झाला म्हणून व्हिडिओ पाहून सी च्या विंडोज फोल्डरची मालकी घेतली, सगळ्यांना फुल कंट्रोल दिलं आणि विनएसएक्सएस निवडून शिफ्ट डिलीट दाबलं. अर्धं उडालं, अर्धं वापरात आहे म्हणून अडलं, मशीन अडकलं, त्यानं बटण दाबून बंद केलं. परत चालू केलं तर काळी स्क्रीन. लग्नाच्या पत्रिकांच्या डिझाइन सगळ्या डेस्कटॉपवर, बॅकअप कुठंच नाही. एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावून पत्रिका वाचवल्या, त्या मिळाल्या, पण विंडोज वाचलं नाही, सगळं नव्यानं टाकावं लागलं आणि त्यांचे दोन दिवस गेले, तेही त्या दिवसांत जेव्हा गिऱ्हाईक दारात उभं असते. त्या पोराची चूक मी मानत नाही. मेसेजमध्ये फक्त परवानगी नाही एवढं येते, काहून नाही ते कोणी सांगत नाही.

विनएसएक्सएसचं खरं काय ते पहा. विंडोज फोल्डरच्या आतल्या सिस्टम३२ मध्ये ज्या फाइली दिसतात त्यातल्या बऱ्याचशा आणि विनएसएक्सएसमधल्या फाइली या एकच आहेत, एका फाइलीला दोन ठिकाणी नाव दिलेलं, याला हार्ड लिंक म्हणतात. एक्सप्लोरर दोन्हीकडं मोजते म्हणून तुमचं १४ जीबी हे खरं १४ नाही, खरी जागा त्याहून कमी. आणि हे महत्त्वाचं, परवानगीची यादी नावाला चिकटलेली नसते, फाइलीला चिकटलेली असते. म्हणून विनएसएक्सएसमध्ये तुम्ही परवानगी बदलली की तिकडं सिस्टम३२ मध्ये पण बदलली, तुम्ही ते फोल्डर उघडलं सुद्धा नाही तरी. म्हणूनच नुसती मालकी घेऊन पाहतो, डिलीट नाही करत, हे पण सी वर चालत नाही.

आता डी चं काम. कमांडवर जायच्या आधी ही दोन कामं करा, यात मी कोणालाच सूट देत नाही.

पहिलं म्हणजे डेटा. जुन्या युझर्समध्ये तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. उघडताना परवानगी नाही म्हणून कंटिन्यू विचारेल, दाबा, थोडा वेळ लागते कारण ते तुमचं नाव आतल्या फाइलींच्या यादीत कायमचं लिहून ठेवते, मेलेल्या डिस्कवर त्यानं काही बिघडत नाही. फॉर्मवाल्यांच्या दुकानात सही-फोटोचे स्कॅन आणि पावत्यांच्या पीडीएफ बहुतेक डाउनलोड्समध्येच साचलेल्या राहतात, विद्यापीठाच्या फॉर्मच्या वेळी मुलं परत येतात आणि मागच्या वर्षीची पावती मागतात, तर ते फोल्डर न पाहता उडवू नका. टॅली असेल तर तिच्या डेटाचं फोल्डर कुठं होतं ते आधी पहा, ते बरेचदा युझर्सच्या आतल्या पब्लिकमध्ये किंवा सरळ ड्राइव्हच्या मुळाशी राहते. आणि कोणत्या फाइलीवर छोटं कुलूप दिसत असेल, म्हणजे जुन्या विंडोजमध्ये कोणी ती एन्क्रिप्ट केली असेल, तर मालकी घेऊन ती उघडणार नाही, तिला जुन्या खात्याचं सर्टिफिकेट लागते. परवानगी आणि एन्क्रिप्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एक समजतात.

दुसरं, आणि हे कोणी सांगत नाही. नवीन एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच होती का? असेल तर विंडोजचा सेटअप बरेचदा बूट करायच्या फाइली जुन्या डिस्कवरच्या जुन्या बूट पार्टिशनमध्येच टाकून देते. म्हणजे विंडोज एसएसडीवर पण चालू होण्याची किल्ली जुन्या डिस्कवर. मग एखाद्या दिवशी तुम्ही ती डिस्क काढता किंवा तिचे सगळे पार्टिशन उडवता आणि मशीन म्हणते बूट डिव्हाइसच नाही. तपासायचं कसं, डिस्क मॅनेजमेंट उघडा, ईएफआय सिस्टम पार्टिशन असं कोणत्या डिस्कच्या रांगेत लिहिलं आहे ते पहा. मी तर सरळ मशीन बंद करून, प्लग काढून, जुन्या डिस्कची साटा केबल काढतो आणि चालू करून पाहतो. नुसत्या एसएसडीवर मशीन उठलं तर जुनी डिस्क खरंच मोकळी आहे. नाही उठलं तर आधी मला विचारा, मग डी च्या आतले फोल्डर उडवा, पण ते बूटचं छोटं पार्टिशन तसंच राहू द्या.

दोन्ही झालं आणि डेटा दुसरीकडं कॉपी झाला (कॉपी झाला म्हणजे दोन-चार फाइली उघडून पाहिल्या, नुसता आकडा नाही), तर भाऊ, सगळ्यात चांगला उपाय डिलीट नाहीच, डी ला राइट क्लिक करून क्विक फॉरमॅट. एका मिनिटात काम, मालकी गेली, यादी गेली, सगळं गेलं. फॉरमॅट फोल्डर-फोल्डरची परवानगी विचारत बसत नाही. माझ्याकडं दहा लोक हा प्रश्न घेऊन आले तर आठांना मी हेच करून देतो. तीन तास कमांडशी झगडण्यात काही शहाणपणा नाही.

पण कधी कधी फॉरमॅट नाही करता येत, ड्राइव्हवर बाकी २०० जीबी डेटा आहे आणि हलवायला दुसरी जागाच नाही. तेव्हा फोल्डरच उडवावे लागतात. इथं एक खड्डा आहे, तो नीट दाखवतो, कारण मी स्वतः त्यात पडलो आहे.

काही वर्षांपूर्वी असंच एक मशीन, जुनी डिस्क डी वर, मी पूर्ण डी वर मालकी घ्यायची कमांड चालवली आणि चहा घेत स्क्रीनकडं पाहत होतो. एकेक फाइलीचं नाव सरकत होतं, सक्सेस, सक्सेस. रांग डी च्या युझर्समधल्या ऑल युझर्सवर आली आणि तिथं मला एका प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं. तो प्रिंटर मी त्याच मशीनवर एक तासापूर्वी नवीन विंडोजमध्ये टाकला होता. जुन्या डिस्कवर तो असायचं काही कारणच नव्हतं. मी लगेच कंट्रोल सी दाबलं, पण तोवर नवीन, चालू विंडोजच्या प्रोग्रामडेटाची (प्रोग्रामांच्या सामायिक फाइलींचं फोल्डर) बरीचशी मालकी बदलून गेली होती.

झालं असं की व्हिस्टापासून विंडोज काही जुन्या नावांच्या जागी फक्त वाट दाखवणाऱ्या लिंका ठेवते, म्हणजे एक्सपीच्या काळातला प्रोग्राम डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज शोधायला गेला तर त्याला युझर्समध्ये पोचवायचं. ऑल युझर्स ही अशीच लिंक, ती प्रोग्रामडेटाकडं नेते. आणि या लिंकांमध्ये पत्ता पूर्ण लिहिलेला असतो, सी पासून. जुनी डिस्क सी होती तोवर ठीक होतं, आता तीच डिस्क डी झाली तरी लिंकेतला पत्ता सी च आहे. म्हणजे मेलेल्या विंडोजच्या आत जिवंत विंडोजचं दार उघडं आहे. मालकी घेणारी कमांड लिंकेच्या मागे चालत जाते आणि तुमच्या नवीन सी मध्ये शिरते. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जवर क्लिक केलं की अॅक्सेस डिनाइड येते ते पण यासाठीच, तिथं सगळ्यांना आत डोकावायची मनाई मुद्दाम लिहिली आहे, की बॅकअपचा प्रोग्राम लिंकेतून लिंकेत गोल गोल फिरू नये. तो बिघाड नाही, ती मनाई काढायला जाऊ नका.

म्हणून कमांड प्रॉम्प्ट रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर करून उघडा आणि आधी लिंका पहा. कमांडी फोनवर गिऱ्हाइकाला सांगतो तशा सांगतो, तुम्ही इंग्रजीत टाइप करा. डीआयआर, स्पेस, डी कोलन बॅकस्लॅश, स्पेस, स्लॅश एएल, स्पेस, स्लॅश एस. यादी येईल, कुठं जंक्शन लिहिलेलं, कुठं सिमलिंकडी, आणि नावापुढं चौकोनी कंसात तो पत्ता, सी कोलन पासून सुरू होणारा. एकदा डोळ्यांनी पहा म्हणजे पटते. डी च्या मुळाशी असलेली डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज आणि युझर्समधली ऑल युझर्स, या दोन आधी काढा, आरडी, स्पेस, आणि पूर्ण पत्ता डबल कोट्समध्ये, पुढं स्लॅश एस लावायचं नाही. नुसत्या आरडीनं फक्त लिंक जाते, ती जिथं नेते ते तसंच राहते. डी च्या प्रोग्रामडेटामध्ये पण अशा लिंका दिसतील, त्याही तशाच काढा.

मग मालकी, एकेका फोल्डरची, पूर्ण डी ची कधीच नाही. टेकओन (टी ए के ई ओ डब्ल्यू एन, एकच शब्द), स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, डी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश ए, स्पेस, स्लॅश आर, स्पेस, स्लॅश स्किपएसएल, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, वाय. स्लॅश ए म्हणजे मालकी तुमच्या एकट्याच्या नावावर नाही तर अॅडमिनिस्ट्रेटर्स या गटाच्या नावावर, आर म्हणजे आतपर्यंत सगळं, आणि स्किपएसएल म्हणजे लिंकेच्या मागे जाऊ नको. हे स्किपएसएल त्या दिवशी मी लावलं नव्हतं.

आता किल्ली. आयसीएसीएलएस, सहा अक्षरं, स्पेस, तोच पत्ता, स्पेस, स्लॅश ग्रँट, स्पेस, अॅडमिनिस्ट्रेटर्स कोलन एफ, मग स्लॅश टी, स्लॅश सी, स्लॅश एल, स्लॅश क्यू, प्रत्येकाच्या आधी स्पेस. एल पुन्हा लिंकेसाठीच, सी म्हणजे एखाद्या फाइलीवर अडलं तरी पुढं चाल. जुन्या हार्ड डिस्कवर याला वेळ लागते, लाखाच्या घरात फाइली असतात, लाइट जायची भीती असेल तर यूपीएस पाहून घ्या. आणि शेवटी आरडी, स्लॅश एस, स्लॅश क्यू, आणि पत्ता. ही कमांड काही विचारत नाही, रिसायकल बिनमध्ये पण टाकत नाही, म्हणून एंटर दाबायच्या आधी पत्त्यातलं पहिलं अक्षर डी आहे का ते बोट ठेवून वाचा. मी आजही बोट ठेवून वाचतो.

प्रोग्राम फाइल्सचे दोन्ही फोल्डर याच पद्धतीनं. युझर्सवर मात्र टेकओन चालवायची सहसा गरजच पडत नाही, तिथं अॅडमिनिस्ट्रेटर्स गटाला आधीच पूर्ण हक्क असतो आणि या गटाचा नंबर सगळ्या विंडोजमध्ये सारखाच, त्यामुळं एक्सप्लोररमधून कंटिन्यू दाबत डिलीट होऊन जाते.

एवढं करूनही एखादी फाइल अडली तर मेसेज नीट वाचा, कारण तेव्हा प्रश्न बहुतेक परवानगीचा नसतोच. फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे असं म्हणते तर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबमध्ये हँडल शोधायची जागा आहे, फाइलीचं नाव टाका, कोणी धरून ठेवली ते दिसते. नाव फार लांब आहे म्हणते तर २६० अक्षरांच्या वर पत्ता गेला, वरच्या फोल्डरांची नावं एकेक अक्षराची करून टाका. त्या फाइलीच्या स्वतःच्या यादीत थेट डिनाय लिहिलेलं असेल तर ते अलाउच्या वर चालते, तुम्ही कितीही फुल कंट्रोल द्या, तो डिनाय काढल्याशिवाय जमत नाही. आणि चालू विंडोजमध्ये एखादी अनोळखी फाइल काही केल्या जात नसेल, परत परत येत असेल, तर तिची मालकी घेत बसू नका, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. नेटवर फोर्स डिलीट करून देणारी फुकटची सॉफ्टवेअर मिळतात, त्यातल्या काहींसोबत जाहिरातींचा कचरा येते आणि काही लिंकेच्या मागे जाऊन पलीकडचं पण उडवतात. मी दुकानात ती वापरत नाही.

आता सी. १२० जीबीच्या एसएसडीवर लाल होणारच, पण जागा कुठं आहे ते पाहून काढा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच मशीनवर १० वरून ११ चं अपग्रेड झालेलं असते आणि मागे विंडोज डॉट ओल्ड पडलेलं असते. तुमचं नव्यानं टाकलेलं आहे तरी सी मध्ये एकदा पहा, फॉरमॅट न करता टाकलं असेल किंवा नंतर मोठं अपडेट आलं असेल तर सापडेल. त्याला मालकी-बिलकी काही नको, सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, तिथं प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन वर टिक करा आणि रिमूव्ह. तिथंच डाउनलोड्सवर पण टिकेचा चौकोन असतो, तो नका लावू, त्यात गिऱ्हाइकांच्या पावत्या आहेत. अपग्रेडचं विंडोज डॉट ओल्ड तर विंडोज १० दिवसांनी आपणच काढून टाकते, तोवर जुन्या विंडोजवर परतायची सोय असते.

विनएसएक्सएससाठी मायक्रोसॉफ्टचीच कमांड आहे. डीआयएसएम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप हायफन इमेज, स्लॅश अॅनालाइजकंपोनंटस्टोर. हे काही उडवत नाही, फक्त सांगते की एक्सप्लोरर किती दाखवते आणि खरं किती आहे, आणि साफ करायची गरज आहे का. गरज आहे म्हटलं तर शेवटच्या शब्दाच्या जागी स्टार्टकंपोनंटक्लीनअप. जुन्या अपडेटच्या ज्या आवृत्त्या आता लागत नाहीत त्या निघून जातात, आणि काढणारा ट्रस्टेडइन्स्टॉलरच असते, ज्याच्या त्या फाइली आहेत तोच. याच्या पुढं रीसेटबेस लावायला काही लोक सांगतात, थोडी जास्त जागा निघते, पण मग आतापर्यंतचं कोणतंच अपडेट काढता येत नाही. दुकानाच्या मशीनवर मी लावत नाही, एखाद्या अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला तर ते काढायची सोय हाताशी पाहिजे.

याहून मोठा तुकडा बरेचदा हायबरफिलमध्ये, म्हणजे हायबरनेटच्या फाइलीत असते. सी च्या मुळाशी लपलेली फाइल, रॅमच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅमवर ६ जीबीच्या वर. डिलीट होत नाही आणि करायची पण नाही, अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ, की फाइल आपोआप गायब. हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप बंद होतात, एसएसडीवर काही फरक जाणवत नाही. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन फुगलेलं असेल तर ते रिस्टोर पॉइंट आहेत, सिस्टम प्रोटेक्शनमध्ये जाऊन मर्यादा कमी करा. आणि विंडोजच्या आतलं लपलेलं इन्स्टॉलर नावाचं फोल्डर दिसलं तर ते नका छेडू, त्यानं मशीन लगेच बंद पडत नाही म्हणून लोकांना वाटते जमलं, पण दोन महिन्यांनी ऑफिसचं किंवा प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचं अपडेट येते, ते जुनी फाइल मागते, ती नसते, आणि मग ते सॉफ्टवेअर ना अपडेट होत ना अनइन्स्टॉल होत.

तुम्ही सी वर आधीच काही करून बसले असाल तर तेही सांगतो, लिहिलं नाही तुम्ही पण बरेच लोक करून मग विचारतात. एकदोन फाइलींचीच मालकी बदलली असेल तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड, वर ओनरपाशी चेंज, आणि तिथं एनटी, स्पेस, सर्व्हिस, बॅकस्लॅश, ट्रस्टेडइन्स्टॉलर असं टाइप करा. नुसतं ट्रस्टेडइन्स्टॉलर टाकलं तर सापडत नाही म्हणते, पुढचं एनटी सर्व्हिस लागतेच. मग स्वतःला दिलेला फुल कंट्रोल काढून टाका. पूर्ण विंडोज फोल्डरची मालकी बदलली असेल तर आयसीएसीएलएसचं रीसेट चालवू नका, ते मूळच्या याद्या परत आणत नाही, सगळीकडं वरच्या फोल्डरची एकच यादी चिकटवते आणि गोष्ट आणखी बिघडते. मशीन चालू होत असेल तर त्याच आवृत्तीची विंडोजची आयएसओ (विंडोज टाकायची पूर्ण फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवा, डबल क्लिक करून उघडा, आतला सेटअप चालवा आणि फाइली व अॅप्स ठेवा हा पर्याय निवडा. तासाभरात विंडोज स्वतःवर स्वतःला परत टाकते, याद्या नव्या येतात, तुमचा डेटा आणि प्रोग्राम राहतात. त्याला सी वर २० जीबीच्या आसपास मोकळी जागा पाहिजे, म्हणून आधी हायबरफिल आणि टेम्पररी फाइल्स काढा, मग हे.

तुम्ही आधी केबल काढून मशीन उठते का ते पहा. उठलं तर डेटा कॉपी करा आणि डी फॉरमॅट मारा. नाही उठलं तर डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा फोटो काढून पाठवा, दोन्ही डिस्कच्या रांगा दिसतील असा, आणि तोवर डी वर काहीच उडवू नका.